पाहुणा म्हणून आलेला विनोद आणि राहायला आलेला विनोद

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ओहायोत नोकरी करता. एका शुक्रवारी टीममधल्या सहा जणांना घरी जेवायला बोलावलंत आणि मूळ ब्रिटिश ‘द ऑफिस’चा पहिला भाग लावलात. हसत होतात तुम्ही एकटेच. एकाने फोन काढला, एकजण म्हणाली, “मला हे बघवत नाही.” याच मंडळींनी अमेरिकन ‘द ऑफिस’ची पारायणं केलेली आहेत. तेव्हा ब्रिटिश विनोद अमेरिकन माणसाला रुचतच नाही का, आणि त्यांना उपरोध कळत नाही हे खरं का, असं तुम्ही विचारलंत.

उपरोध कळत नाही हे साफ चूक. ब्रिटिश विनोद रुचतो, आणि गेली दीडशे वर्षं रुचत आला आहे. पण तो तिथे दोन वेगळ्या नात्यांनी जातो. पाहुणा म्हणून आला तर त्याच्या सवयी, त्याचे उच्चार, त्याचा तुसडेपणा, सगळं कौतुकाने पाहिलं जातं. राहायला आला की त्याला घरच्या रीतीने वागावं लागतं. तुमच्या त्या संध्याकाळी नेमकी याचीच गल्लत झाली. ती कशी, ते सांगते.

मी २२ वर्षं इंग्रजी विनोदी कार्यक्रमांची सबटायटल्स आणि कॅप्शन लिहिते. त्यातली नऊ वर्षं न्यू जर्सीत राहून ब्रिटिश मालिकांची अमेरिकन प्रेक्षकांसाठीची कॅप्शन केली. उत्तर इंग्लंडचे किंवा स्कॉटलंडचे उच्चार कानाला अवघड जातात म्हणून अनेक अमेरिकन लोक ब्रिटिश मालिका कॅप्शन लावूनच बघतात. या कामात विनोद फ्रेम मोजून बघावा लागतो. एका ओळीत साधारण चाळीस अक्षरं, पडद्यावर एका वेळी दोनच ओळी, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पंचची, म्हणजे जिच्यावर हसू फुटायचं ती, ओळ नटाच्या तोंडातून निघायच्या आत पडद्यावर दिसता कामा नये. अर्धा सेकंद आधी दिसली तरी विनोद मेला.

ब्रिटिश मालिकांत पंच पुष्कळदा वाक्यात नसतोच, वाक्यानंतरच्या शांततेत असतो. कोणी तरी भलतंच बोलून जातो, समोरचा पापणीही हलवत नाही, आणि कॅमेरा हलायचं नाव घेत नाही. तिथे कॅप्शन रिकामी ठेवायची असते. सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाचा आग्रह होता की अशा जागी कंसात ‘अवघडलेली शांतता’ असं लिहावं, नाहीतर अमेरिकन प्रेक्षकाला वाटेल की आवाज गेला. मी दोन्ही प्रती केल्या आणि आमच्या गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात दर महिन्याला जमणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांना दाखवल्या. जिथे शांततेवर लेबल होतं तिथे कोणी हसलं नाही. जिथे पडदा कोरा होता तिथे आधी एक आजी फिसकन हसल्या आणि मग सगळी खोली. ती माणसं जन्मभर न्यू जर्सीत राहिलेली होती. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. तेव्हापासून कोणी ‘अमेरिकनांना कळत नाही’ म्हणालं की मला ती खोली आठवते.

इतिहासही तेच सांगतो. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची ‘पिनाफोर’ ही विनोदी संगीतिका १८७८ मध्ये लंडनला आली आणि अमेरिकेत तिच्या इतक्या चोरट्या आवृत्त्या निघाल्या की पुढच्या संगीतिकेचा मुख्य शुभारंभ त्यांनी हक्क राखण्यासाठी थेट न्यूयॉर्कमध्ये केला, ३१ डिसेंबर १८७९ रोजी. चार्ली चॅप्लिन आणि स्टॅन लॉरेल हे दोघेही फ्रेड कार्नोच्या इंग्लिश नाटकमंडळीबरोबर १९१० मध्ये अमेरिकेला गेले. आपल्याकडच्या कितीतरी मराठी घरांत ज्याची पुस्तकं जपून ठेवलेली असतात त्या वुडहाउसचा जीव्ह्ज हा चतुर नोकर सर्वांत आधी छापला गेला तो १९१५ मध्ये एका अमेरिकन साप्ताहिकात, आणि वुडहाउस स्वतः १९५५ मध्ये अमेरिकन नागरिक झाला. इंग्लंडमधल्या रिकामटेकड्या सरदारपुत्रांची टिंगल अमेरिकन वाचक पैसे देऊन वाचत होता.

आता टीव्हीकडे येते, कारण खरा गुंता तिथेच आहे.

‘मॉन्टी पायथन’, छोट्या छोट्या विनोदी प्रवेशांचं ब्रिटिश कडबोळं, बीबीसीवर १९६९ ते १९७४ चाललं. १९७४ मध्ये डॅलसच्या केईआरए या सार्वजनिक वाहिनीने ते दाखवायला सुरुवात केली आणि तिथून ते पीबीएस या सार्वजनिक वाहिन्यांच्या जाळ्यातल्या इतर केंद्रांवर पसरलं. लोकांना ते इतकं आवडलं की एबीसी या मोठ्या व्यापारी वाहिनीलाही ते हवंसं वाटलं. एबीसीने १९७५ मध्ये तीन भाग एकत्र करून दीड तासाचा कार्यक्रम केला, पण ९० मिनिटांपैकी सुमारे २४ मिनिटं कापली. काही कापलं जाहिरातींसाठी, काही अश्लील वाटलं म्हणून. पायथन मंडळी कोर्टात गेली. १९७६ मध्ये अपिलाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि त्यात न्यायालयाने नोंदवलं की काटछाटीत काही प्रवेशांचा कळसच गायब झाला होता. म्हणजे ज्यासाठी सगळी रचना केली तेच नाही. मी हा निकाल माझ्या हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येकाला वाचायला लावते. तेच नट, तोच देश, तोच प्रेक्षक. पीबीएसवर पूर्ण दाखवलं तर लोक वेडे होतात, आणि चौथा हिस्सा कापून दाखवलं तर विनोद दिसतच नाही.

बीबीसीवर जाहिराती नसल्यामुळे तिथला अर्धा तास खरोखर जवळपास ३० मिनिटांचा असतो. अमेरिकन व्यापारी वाहिनीचा अर्धा तास जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटांचा. ही आठ मिनिटं कुठून काढायची? वाक्य कापता येत नाही, कारण गोष्ट तुटते. मग शांतता कापली जाते, आणि शांतता हाच तर ऐवज होता. पीबीएस प्रेक्षकांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालतं, कार्यक्रमाच्या मध्ये जाहिराती नाहीत, त्यामुळे ब्रिटिश विनोद तिथे वर्षानुवर्षं सुखाने राहिला. ‘कीपिंग अप अपिअरन्सेस’मधल्या त्या बाई, आडनाव ‘बकेट’ असूनही फोनवर ‘बुके’ असा उच्चार करणाऱ्या, अमेरिकेच्या लहान गावांतही लोकांना घरच्यासारख्या माहीत आहेत. बडेजाव मिरवणारी एक शेजारीण जगातल्या प्रत्येक गल्लीत असते.

इथे लोक म्हणतात की ब्रिटिश विनोद वर्गभेदावर उभा असतो आणि अमेरिकनांना वर्गभेद कळत नाही. मला हे अर्धंच पटतं. बडेजाव कळतो. लाचारी कळायला वेळ लागतो. ‘फॉल्टी टॉवर्स’च्या पहिल्याच भागात हॉटेलमालक बेसिल, एक पाहुणा लॉर्ड आहे एवढं कळताच, खिडकीजवळ जेवायला बसलेल्या कुटुंबाला उठवून त्याला ते टेबल देतो. पुढे तो लॉर्ड भामटा निघतो. माझ्या ओळखीच्या अमेरिकन प्रेक्षकांना भामटेगिरी लगेच कळायची, बेसिलची धावपळही आवडायची, पण नुसत्या पदवीसाठी माणूस इतका का वितळतो, हे आत लागत नसे. तरीही ते हसायचे, कारण बेसिल झालेल्या जॉन क्लीझचं शरीरच विनोद करतं. पाहुण्याच्या घरातल्या रीती आपल्याला पुऱ्या उलगडल्या नाहीत तरी चालतं.

राहायला येताना मात्र ते चालत नाही. ‘फॉल्टी टॉवर्स’चे एकूण भाग बारा, १९७५ आणि १९७९ मध्ये सहा-सहा. अमेरिकेत त्यावरून मालिका करण्याचे तीन प्रयत्न झाले, १९७८, १९८३ आणि १९९९ मध्ये, आणि तिन्ही फसले. १९८३च्या प्रयत्नात बेसिलच काढून टाकला आणि हॉटेल एका मालकिणीच्या हाती दिलं. मालकीण झालेली बिआ आर्थर फार ताकदीची नटी, पण बेसिलचा जो पिंजरा आहे तोच नेला तर उरलं फक्त हॉटेल. वरच्यांसमोर वाकायचं, खालच्यांवर खेकसायचं, आणि बायकोच्या धाकात राहायचं, या तिहेरी कोंडीतून त्या माणसाचा संताप येतो.

याउलट ‘टिल डेथ अस डू पार्ट’ बघा. बीबीसीवर १९६५ पासून. लंडनच्या ईस्ट एंडमधला अल्फ गार्नेट, स्वतः कामगार, पण राणी आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा कट्टर भक्त, तोंडाने शिवराळ आणि वर्णद्वेष्टा. अमेरिकन निर्माता नॉर्मन लिअरने याचा ‘ऑल इन द फॅमिली’ केला. एबीसीने पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, दोनदा नाकारला. अखेर १२ जानेवारी १९७१ रोजी सीबीएसने तो आणला, तोही सुरुवातीला प्रेक्षकांना सावध करणारी सूचना देऊन. पुढे सलग पाच हंगाम ती अमेरिकेतली सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका ठरली. लिअरने शब्द नेले नाहीत, भांडण नेलं. इंग्लंडमध्ये जिथे वर्ग होता तिथे त्याने अमेरिकेचं दुखणं ठेवलं: वंश, व्हिएतनामचं युद्ध, लांब केस ठेवणारा जावई. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या आर्ची बंकरला खुर्चीत बसून बडबडताना पाहून लाखो घरांना आपला बाप किंवा सासरा दिसला. पुढच्याच वर्षी लिअरच्याच संस्थेने ‘स्टेप्टो अँड सन’चा ‘सॅनफर्ड अँड सन’ केला. लंडनच्या भंगारवाल्या बापलेकांच्या जागी लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातले कृष्णवर्णीय बापलेक आले, आणि बाप झालेल्या रेड फॉक्सने ती मालिका डोक्यावर घेऊन नाचवली.

याची उलट बाजू म्हणजे ‘कपलिंग’. एनबीसीने २००३ मध्ये ब्रिटिश संहिता जवळपास तशाच्या तशा अमेरिकन नटांना दिल्या. चार भाग दाखवून मालिका बंद.

आता तुमच्या ‘द ऑफिस’कडे. रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट यांनी २००१ ते २००३ या काळात बारा भाग आणि शेवटी दोन भागांचा नाताळ विशेष केला. जानेवारी २००४ मध्ये हीच ब्रिटिश मालिका, अमेरिकेत, गोल्डन ग्लोब जिंकली: सर्वोत्कृष्ट विनोदी मालिका आणि जर्वेसला अभिनेत्याचं पारितोषिक. म्हणजे पाहुणा म्हणून तिचं स्वागतच झालं होतं. मार्च २००५ मध्ये ग्रेग डॅनियल्सने अमेरिकन आवृत्ती आणली, आणि तिचा पहिला भाग मूळ भागाची जवळपास शब्दशः नक्कल होता. दोन्हीकडे साहेब गंमत म्हणून स्वागतिकेला चोरीचा आळ घेऊन कामावरून काढल्याचं नाटक करतो आणि ती रडते. इंग्लंडमधल्या स्लाऊच्या करड्या ऑफिसात ते दृश्य बघताना आपण कानकोंडे होतो आणि त्या कानकोंडेपणातूनच हसतो. पेनसिल्व्हेनियाच्या स्क्रँटनमध्ये तेच शब्द निव्वळ क्रूर वाटले.

डॅनियल्सच्या लोकांनी दुसऱ्या हंगामात काय केलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. सप्टेंबर २००५ मध्ये आलेला पहिलाच भाग काढा. साहेब मायकल एका हॉटेलात कर्मचाऱ्यांना स्वतःच ठरवलेली फालतू बक्षिसं वाटतोय. सगळे कंटाळलेले. तेवढ्यात बारवर बसलेले परके लोक त्याची टर उडवतात, त्याच्यावर काहीबाही फेकतात. तो खचतो, कार्यक्रम आटोपता घेतो. आणि ज्या स्वागतिकेला त्याने पहिल्या भागात रडवलं होतं तीच टाळ्या वाजवायला लागते, मग बाकीचे. आमचा माणूस मूर्ख आहे, पण तो आमचा आहे. त्या एका टाळीने मालिका अमेरिकन झाली असं मी मानते. ती पुढे २०१३ पर्यंत चालली आणि २०१ भाग झाले.

अनेकजण याला अमेरिकनांचा भाबडेपणा म्हणतात. मला ते अन्यायाचं वाटतं. यामागे कामाची पद्धतही आहे. ब्रिटनमध्ये एक किंवा दोन लेखक सहा भाग लिहितात आणि थांबतात. अमेरिकन व्यापारी वाहिनीला वर्षाला २२-२४ भाग लागतात, ते लेखकांची अख्खी खोली मिळून लिहिते, आणि भागांची शंभरी गाठली की पुनर्प्रक्षेपणाचे मोठे पैसे मिळतात. बारा भाग आपण एखाद्या केविलवाण्या माणसाची फजिती बघू शकतो. दोनशे वेळा दर आठवड्याला त्याला घरात घ्यायचं तर त्याच्यात काहीतरी मायेचं हवंच. हे गणित लेखकाच्या देशावर ठरत नाही, भागांच्या संख्येवर ठरतं.

आर्मांडो इआनुच्ची यांचं उदाहरण याच बाजूचं. ‘द थिक ऑफ इट’ या त्यांच्या ब्रिटिश राजकीय मालिकेचा अमेरिकन पायलट एबीसीसाठी २००७ मध्ये झाला आणि पुढे गेला नाही. २०१२ मध्ये त्यांनी एचबीओवर ‘वीप’ आणली. तिथे जाहिराती नाहीत, शिव्यांना बंदी नाही, हंगाम आठ-दहा भागांचे. शिवाय त्यांनी जागाही अचूक शोधली. ब्रिटनमधला एखाद्या दुय्यम खात्याचा मंत्री, जो पंतप्रधान कार्यालयापुढे थरथरतो, त्याचा अमेरिकन भाऊबंद म्हणजे उपराष्ट्राध्यक्ष. मान मोठा, हातात काही नाही, आणि फोन कधी वाजेल याची वाट.

मंत्री आणि त्याचा सचिव यांच्यावरच्या ‘येस मिनिस्टर’ या ब्रिटिश मालिकेचं मात्र असं यशस्वी अमेरिकन रूप झालं नाही, आणि त्याचं कारण राज्यव्यवस्थेत आहे. ब्रिटनमध्ये मंत्री जातो, सचिव राहतो; सगळा विनोद त्यावर फिरतो. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष बदलला की सुमारे ४,००० राजकीय नेमणुका बदलतात, खात्यांचे वरचे अधिकारीही त्यात येतात. आपल्याकडे मंत्री आणि कायम सचिव ही जोडी इंग्रजांनीच ठेवून दिलेली, म्हणून २००१ मध्ये मूळ संहितांवरून ‘जी मंत्रीजी’ हिंदीत करता आली आणि फारुख शेख मंत्री म्हणून सहज पटले.

शब्दांबद्दल मला फार बोलायचं नाही, कारण ती अडचण लोक समजतात त्याहून लहान आहे. ब्रिटिश माणूस ‘क्वाइट गुड’ म्हणतो तेव्हा त्याला बेताचं आवडलेलं असतं. अमेरिकन कानाला ती स्तुती वाटते. ब्रिटनमध्ये ‘पँट्स’ म्हणजे आतली चड्डी, अमेरिकेत विजार. अशा ठिकाणी एखादं हसू हुकतं, पुढच्या वाक्याला भरून निघतं.

अलीकडे बरंच बदललं आहे. ‘फ्लीबॅग’ २०१३ मध्ये एडिंबराच्या महोत्सवात एकपात्री प्रयोग म्हणून आलं, मग त्याची मालिका झाली, आणि २०१९ मध्ये तिने सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचं एमी हे अमेरिकन टीव्ही पारितोषिक घेतलं. भाग फक्त बारा. स्ट्रीमिंगवर २२ मिनिटांची चौकट नाही, शंभर भागांची सक्ती नाही, त्यामुळे पाहुण्याला आता कपडे बदलावे लागत नाहीत. आणि राहायला येणाऱ्यांनीही शहाणपण शिकलं आहे. बीबीसीच्या ‘घोस्ट्स’मध्ये विजारीविना मेलेला आणि कायम तसाच फिरणारा एक कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार आहे. सीबीएसच्या २०२१च्या आवृत्तीत त्याच अवस्थेत फिरतो तो वॉल स्ट्रीटवरचा दलाल. गंमत तीच, पण प्रत्येक देशाने स्वतःचा माणूस निवडला.

तर तुमच्या सहा पाहुण्यांचं काय झालं? त्यांच्यासाठी ‘द ऑफिस’ हे घर आधीच होतं. मायकल स्कॉट त्यांचा माणूस. तुम्ही ब्रिटिश मालिकेतल्या साहेबाला, डेव्हिड ब्रेंटला, पाहुणा म्हणून आणलंत, पण ते त्याला त्याच खुर्चीत बसलेला बघत होते आणि टाळी वाजवणारं कोणी येतंय का याची वाट बघत होते. पहिल्या भागात ते येत नाही. उपरोध त्यांना पुरेपूर कळला, म्हणूनच त्या मुलीला बघवलं नाही.

पुन्हा बोलवा त्यांना. पण सुरुवात ज्याची अमेरिकन आवृत्ती त्यांनी पाहिलेली नाही अशा गोष्टीने करा. ‘फॉल्टी टॉवर्स’चा तो लॉर्डवाला भाग चांगला, कारण तिथे हालचालच इतकी आहे की अनोळखीपणा आड येत नाही. कॅप्शन लावा. मध्ये थांबवून काही समजावू नका. तुम्ही समजावायला लागलात की त्यांना वाटेल आपलं काहीतरी चुकतंय. मग ब्रिटिश ‘द ऑफिस’ दाखवायचाच असेल तर तुकड्याने दाखवू नका. बारा भाग म्हणजे सहा तास, दोन शनिवार पुरतात. त्यानंतर नाताळ विशेष लावा. नोकरी गेलेला ब्रेंट तिथे जुन्या ऑफिसच्या पार्टीला येतो, आणि ज्या उर्मट दोस्तापुढे तो इतकी वर्षं नाचला त्याला पहिल्यांदा फटकारतो. शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो काढताना तो काहीतरी चेष्टा करतो आणि ऑफिसातले लोक हसतात, खरं हसतात. तेव्हा पडद्याकडे बघू नका, त्या मुलीकडे बघा, आणि काय झालं ते मला कळवा.